मध्यकाचा काय दोष? गूल्डचा गाजलेला लेख दुसऱ्यांदा वाचताना

"स्टॅटिस्टिक्स समजून घ्यायला सुरुवात कुठून करू?" असं कोर्सवर्क करणाऱ्या कुणी विचारलं, की बहुतेक सिनियर एखादं जाडजूड पुस्तक सांगतात. मी आधी चार-पाच पानांचा एक लेख सांगते. स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञाचा 'द मीडियन इजन्ट द मेसेज'. तो १९८५ साली 'डिस्कव्हर' या विज्ञान मासिकात आला. शीर्षकातली कोटी मार्शल मॅक्लुहानच्या 'मीडियम इज द मेसेज' या वाक्यावर आहे. चाळीस वर्षं झाली तरी हा लेख कॅन्सरचे रुग्ण एकमेकांना पाठवतात आणि स्टॅटिस्टिक्सचे शिक्षक वर्गात वाचून दाखवतात.

फक्त एक विनंती असते: लेख दोनदा वाचा. पहिल्या वाचनात भारावून जायला होतं, आणि त्यात काही गैर नाही. पण संशोधनाची तयारी करणाऱ्याने दुसऱ्या वाचनात त्याच्याशी भांडायला हवं. हे माझं भांडण. पेटचा अभ्यास करणाऱ्यांना यात परीक्षेच्या कामाचं थोडं सापडेल आणि परीक्षेच्या विरोधातलंही थोडं.

आधी लेखात काय आहे ते सांगते. जुलै १९८२ मध्ये, चाळीस वर्षांचा असताना, गूल्डला पोटाचा मेसोथेलिओमा असल्याचं निदान झालं. हा दुर्मीळ आणि गंभीर कॅन्सर, बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसशी संबंध असलेला. शस्त्रक्रियेनंतर त्याने आपल्या डॉक्टर बाईंना विचारलं, यावरचं सगळ्यात चांगलं तांत्रिक साहित्य कोणतं? त्या म्हणाल्या, वाचण्यासारखं फारसं काही नाही. संशोधकाला असं सांगितलं की तो काय करणार? चालता येऊ लागल्याबरोबर गूल्डने हार्वर्डची काउंटवे वैद्यकीय लायब्ररी गाठली आणि कॉम्प्युटरवर आजाराचं नाव टाकलं. तासाभरात त्याला कळलं की डॉक्टर असं का म्हणाल्या होत्या. आजार असाध्य, आणि निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक आठ महिने. पंधरा मिनिटं तो सुन्न बसून राहिला. मग डोकं चालायला लागलं.

लेखाचा गाभा इथून पुढे आहे. मध्यक आठ महिने म्हटलं की आपण काय ऐकतो? "आता आठ महिने उरले." पण मध्यकाचा अर्थ एवढाच की निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या आत गेले आणि निम्मे त्यापुढे जगले. पुढे म्हणजे किती पुढे, यावर मध्यक एक शब्दही बोलत नाही. गूल्डने विचार केला: डावीकडे शून्याची भिंत आहे, त्यामुळे डावीकडच्या निम्म्या लोकांना शून्य ते आठ महिने एवढ्याच जागेत दाटीवाटीने बसावं लागणार. उजवीकडे भिंत नाही. तिथली शेपूट वर्षानुवर्षं लांब जाऊ शकते. मग त्याने माहिती तपासली. शेपूट खरोखरच होती, बारीक पण काही वर्षं लांब. आता त्याचा प्रश्न बदलला. मी कधी मरणार, याऐवजी मी त्या शेपटीत असण्याची शक्यता किती?

पंधरा मिनिटांच्या सुन्नपणानंतर एखाद्याने स्वतःच्या मरणाच्या आकड्याचा आकार कसा असेल असं विचारावं, याला मी मनापासून मानते. आता भांडण.

भांडण शीर्षकापासूनच सुरू होतं. त्यात गुन्हेगार मध्यक ठरतो. पण लेख नीट वाचला तर मध्यकाने काहीच खोटं सांगितलेलं नाही. निम्मे अलीकडे, निम्मे पलीकडे, एवढंच त्याचं काम होतं आणि ते त्याने चोख केलं. चूक वाचणाऱ्याची आहे, कारण वाचणारा 'निम्मे' या शब्दाचं मनातल्या मनात 'सगळे साधारण' असं भाषांतर करतो. मग मध्यकाऐवजी सरासरी दिली असती तर बरं झालं असतं का? लेखात याचं उत्तर नाही. सत्तेतला पुढारी उत्पन्नाची सरासरी सांगतो आणि विरोधक मध्यकाकडे बोट दाखवतो, असं एक छान उदाहरण गूल्ड देतो आणि पुढे निघून जातो. मला तिथे थांबावंसं वाटतं.

अकरा रुग्ण घेऊ. आकडे मी बनवलेले आहेत, फक्त मध्यक आठ येईल असे. निदानानंतर किती महिने जगले: १, २, ३, ५, ७, ८, १०, १४, २०, ३६, आणि अकरावा रुग्ण अजून जिवंत आहे. मध्यक किती? सहावा आकडा, ८. अकराव्याचं पुढे काही होवो, मध्यक हलणार नाही.

सरासरी किती? सांगताच येत नाही. पहिल्या दहांची बेरीज १०६. अकरावा ६० महिने जगला तर एकूण १६६ आणि सरासरी सुमारे १५. तो २४० महिने, म्हणजे वीस वर्षं जगला तर एकूण ३४६ आणि सरासरी जवळजवळ साडेएकतीस. एका माणसामुळे आकडा दुप्पट झाला. आणि या दुसऱ्या प्रसंगात अकरापैकी नऊ जण 'सरासरीपेक्षा कमी' जगले. साडेएकतीस महिने हा आकडा गूल्डच्या हातात पडला असता तर त्याला पंधरा मिनिटं सुन्न बसावं लागलं नसतं हे खरं, पण तो आकडा कुणाचं आयुष्य सांगतो? जवळपास कुणाचंच नाही. म्हणजे दिलासा सरासरीने दिला असता आणि फसवलंही तिनेच असतं.

हा केवळ आकड्यांचा खेळ नाही. जगण्याच्या अभ्यासांत जवळजवळ नेहमी असंच होतं. अभ्यास संपतो तेव्हा काही रुग्ण जिवंत असतात, काही गाव बदलून संपर्काबाहेर गेलेले असतात. त्यांचा आकडा 'इतके महिने तरी' एवढाच माहीत असतो. याला सेन्सॉर झालेला डेटा म्हणतात. त्यातून जगण्याचा आलेख कसा काढायचा, हे एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी १९५८ च्या शोधनिबंधात दाखवलं. पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरणारा तो आलेख तुम्ही वैद्यकीय पेपरांत पाहिला असेल. आलेख ५० टक्क्यांची रेघ जिथे ओलांडतो तो मध्यक. उरलेल्या निम्म्यांचं काय होणार याची वाट पाहायची गरज नाही. उलट निम्म्याहून जास्त रुग्ण जिवंत असतील तर 'मध्यक अजून गाठलेला नाही' असं पेपरात लिहिलेलं सापडतं. ते वाचून काही जण गोंधळतात, पण ती चांगली बातमी असते. सरासरीला मात्र सगळ्यात शेवटचा माणूस जाईपर्यंत थांबावं लागतं, किंवा 'पहिल्या पाच वर्षांपुरती' अशी मर्यादा घालून घ्यावी लागते. डॉक्टरांनी मध्यक लिहिला त्यामागे हे साधं कारण आहे, आणि गूल्डच्या वाचकाला ते कळत नाही.

सरासरीचीही बाजू मांडायला हवी, कारण गूल्ड पुढे तिलाही मध्यकाबरोबर एकाच टोपलीत टाकतो. त्याचं म्हणणं असं की सरासरी आणि मध्यक या आपण केलेल्या अमूर्त कल्पना, खरं असतं ते वैविध्य. उत्क्रांतीच्या अभ्यासकाला हे शोभतं, आणि रुग्ण म्हणून त्याला तेच हवं होतं. पण त्याच अकरा रुग्णांना दर महिन्याला औषध पुरवणाऱ्या माणसाच्या जागी बसून पाहा. त्याला एकूण किती महिन्यांचं औषध लागेल? सरासरी गुणिले अकरा, म्हणजे ३४६. मध्यक गुणिले अकरा केलं तर ८८ येतात आणि कपाट कधीच रिकामं होतं. एकूण हवं असेल तर सरासरीला पर्याय नाही, आणि मध्यकाचा तिथे काही उपयोग नाही. सरासरी वजन करते, मध्यक डोकी मोजतो. पलंग, बजेट, औषधं यांचं नियोजन करणाऱ्याला वजन हवं असतं. "माझं काय?" असं विचारणाऱ्याला डोकी आणि शेपूट दोन्ही हवी असतात. गूल्डचा लेख पूर्णपणे दुसऱ्या माणसाचा आहे. त्यात वाईट काही नाही, पण त्यावरून पहिल्या माणसाचा आकडा खोटा ठरत नाही.

आता 'शेपूट' या शब्दाकडे येते, कारण पेटवाल्यांचा जीव इथे अडकतो. दहावीला आपण सगळ्यांनी ते सूत्र पाठ केलं: तीन गुणिले मध्यक बरोबर बहुलक अधिक दोन गुणिले मध्य. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात ते 'अनुभवजन्य संबंध' म्हणून येतं. पदवीपर्यंत त्याला भावंड मिळतं: शेपूट उजवीकडे असेल तर सरासरी मध्यकाच्या उजवीकडे, शेपूट डावीकडे असेल तर सरासरी डावीकडे. मग बहुपर्यायी प्रश्न येतो, आपण 'सरासरी, मध्यक, बहुलक' असा उतरता क्रम टिकवतो आणि एक गुण घेतो. गूल्डचा लेख वाचणारा हाच नियम डोक्यात घेऊन वाचतो आणि लेख तो नियम कुठे हलवत नाही.

नियम मोडणारं एक उदाहरण देते. दहा जणांनी पेट पास व्हायला किती प्रयत्न घेतले? चौघांनी १, पाच जणांनी २, आणि एका चिकाटीच्या माणसाने ५. मध्यक २. एकूण प्रयत्न ४ अधिक १० अधिक ५, म्हणजे १९, सरासरी १.९. शेपूट कुठे आहे? उघड आहे, उजवीकडे त्या पाचवाल्याकडे. स्क्यूनेसचं नेहमीचं माप काढलं, म्हणजे सरासरीपासूनच्या फरकांचे घन करून बेरीज केली, तर ती जवळजवळ अधिक २७ येते. सगळ्या अर्थांनी उजवी शेपूट. तरीही सरासरी मध्यकाच्या डावीकडे आहे.

असं का झालं हे समजलं तर नियम पाठ करायची गरज उरत नाही. २ या आकड्यापाशी उभं राहून दोन्ही बाजूंना पाहा. डावीकडे चार जण, प्रत्येक जण एक पाऊल दूर: एकूण ४. उजवीकडे एकच जण, पण तीन पावलं दूर: एकूण ३. सरासरी कुठे झुकणार हे या बेरजेवर ठरतं, म्हणून ती डावीकडे झुकली. स्क्यूनेस मात्र फरकांचे घन करतो, आणि घन केल्यावर एकट्याच्या तीन पावलांची किंमत २७ होते, तर चौघांच्या एकेक पावलाची किंमत चारच राहते. म्हणजे सरासरी आणि मध्यकातलं अंतर एका मापाने चालतं आणि स्क्यूनेस दुसऱ्या मापाने. दोघांनी नेहमी एकाच दिशेला जावं असा कोणताही कायदा नाही. पॉल फॉन हिपेल यांनी २००५ मध्ये 'जर्नल ऑफ स्टॅटिस्टिक्स एज्युकेशन'मध्ये नेमकी हीच तक्रार केली: पाठ्यपुस्तकांतला हा नियम किती सहज मोडतो, विशेषतः जिथे आकडे १, २, ३ असे मोजके असतात तिथे. घरातली माणसं, मुलांची संख्या, प्रश्नावलीतले एक ते पाच गुण. आता तुमच्या एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमधली किती चलं अशी होती ते आठवा.

पाठ्यपुस्तकातल्या सूत्राचंही तसंच. ०, ०, ०, ५, ६, ७, १० हा संच घ्या. बहुलक ०, मध्यक ५, सरासरी ४. डावी बाजू १५, उजवी बाजू ८. कार्ल पिअर्सनने जे निरीक्षण मांडलं ते एकच उंचवटा असलेल्या, थोड्याशाच कललेल्या वक्रांसाठी होतं. आपण त्यातले 'एकच' आणि 'थोड्याशाच' हे शब्द गाळले आणि बरोबरचं चिन्ह ठेवलं. शून्यांचा ढीग असलेला डेटा, जसा बिनपावसाच्या दिवसांचा, त्या वर्णनात बसतच नाही. आणि सरासरी व मध्यक सारखे आले म्हणून वितरण समतोल आहे असंही नाही: १, ५, ६, ८, १० यांची सरासरी ६ आणि मध्यकही ६, पण संच डावीकडे ओढलेला आहे. प्रबंधात "सरासरी आणि मध्यक जवळजवळ समान असल्याने डेटा नॉर्मल आहे" असं वाक्य दिसलं की मला थेट हिस्टोग्रॅम मागावासा वाटतो.

मग या दोन आकड्यांत पक्कं असं काही नातं आहे का? आहे, पण परीक्षेत ते क्वचितच विचारतात. सरासरी आणि मध्यक यांतलं अंतर प्रमाण विचलनापेक्षा कधीही जास्त असू शकत नाही. कोणताही संच घ्या, कशीही शेपूट असू दे. हे हॅरल्ड हॉटेलिंग आणि लिओनार्ड सॉलोमन्स यांनी १९३२ मध्ये मांडलं. सिद्धता चहा गार व्हायच्या आत होते. सरासरी आणि मध्यकातलं अंतर म्हणजे मध्यकापासूनच्या सगळ्या फरकांची चिन्हांसकट घेतलेली सरासरी. चिन्हं पुसली की ती वाढेल किंवा तेवढीच राहील. आता, चिन्हं पुसून मोजलेलं सरासरी अंतर मध्यकापासून मोजलं तर सगळ्यात कमी येतं, हा मध्यकाचा खास गुण. त्यामुळे तेच अंतर सरासरीपासून मोजलं तर तेवढंच किंवा जास्त येईल. आणि सरासरीपासूनचं ते अंतर प्रमाण विचलनापेक्षा कधी जास्त नसतं, कारण वर्ग करताना मोठे फरक जास्त वजन खातात. झालं. आपल्या अकरा रुग्णांवर तपासा: वीस वर्षंवाला धरला तर अंतर साधारण साडेतेवीस, प्रमाण विचलन सुमारे ६७.

याचा उपयोग रोजचा आहे. एखाद्या पेपरात सरासरी २०, प्रमाण विचलन ४ आणि मध्यक १४ असं छापलेलं दिसलं तर डेटा न बघताही सांगता येतं की तीनपैकी एक आकडा चुकला आहे. आणि जी गोष्ट शून्याखाली जाऊच शकत नाही, जसे रुग्णालयातले दिवस, तिथे सरासरी ६ आणि प्रमाण विचलन ९ असं दिसलं तर शेपूट लांब आहे हे समजून चालावं आणि मध्यक का दिला नाही असं विचारावं. लिटरेचर रिव्ह्यू करताना एवढ्या दोन गोष्टी तपासल्या तरी डोळा तयार होतो.

गूल्डकडे परत येते, कारण त्याच्या एका युक्तिवादाला मर्यादा घालायला हवी. शून्याची भिंत डावीकडे आहे म्हणून शेपूट उजवीकडे, असं लेख वाचून अनेकांच्या डोक्यात बसतं. गूल्ड स्वतः इतकं ढोबळ बोलत नाही. आठ महिने शून्याच्या अगदी जवळ आहेत, यावर त्याचा भर आहे, आणि त्याने प्रत्यक्ष माहितीही तपासली. पण वाचकाच्या लक्षात फक्त भिंत राहते. नुसती भिंत पुरत नाही. माणसाचं मृत्यूच्या वेळचं वय घ्या. त्यालाही शून्याची भिंत आहे. पण जपानसारख्या देशात बहुतेक लोक ऐंशी-नव्वदच्या घरात जातात, लहानपणी किंवा तरुणपणी जाणारे थोडे असतात, आणि शेपूट डावीकडे पडते. तिथे सरासरी मध्यकापेक्षा कमी असते. भिंत तीच, शून्याची. फरक एवढाच की गर्दी भिंतीपासून लांब उभी आहे. निदानानंतरचं आयुष्य उजवीकडे झुकतं आणि जन्मानंतरचं आयुष्य डावीकडे, हे एकाच वेळी लक्षात ठेवलं तर गूल्डचा युक्तिवाद नेमका कुठवर चालतो ते कळतं.

माझ्या मते लेखातला सगळ्यात भक्कम मुद्दा शेपटीचा नाहीच. तो शेवटाकडे, थोडक्यात येतो. आठ महिन्यांचा आकडा कुणाचा? ठरावीक काळातल्या, ठरावीक उपचार घेतलेल्या रुग्णांचा. गूल्ड तरुण होता, आजार तुलनेने लवकर सापडला होता, उत्तम उपचार मिळत होते, आणि त्याला प्रायोगिक उपचारपद्धतीत घेतलं गेलं होतं. म्हणजे तो मध्यक ज्या गटाचा होता त्या गटात गूल्ड नीट बसतच नव्हता. हे शेपटीपेक्षा वेगळं म्हणणं आहे. शेपटीचा युक्तिवाद म्हणतो, या गटात काही जण खूप जगतात. गटाचा युक्तिवाद म्हणतो, माझा गट दुसरा आहे आणि त्याचा मध्यकही दुसरा असणार. गटाची गंमत तर वेळेबरोबरही बदलते. आपल्या अकरांपैकी आठ महिने ओलांडणारे पाच जण घ्या: १०, १४, २०, ३६, २४०. आता मध्यक २०. कुणाच्या तब्येतीत काही बदल झालेला नाही, फक्त कुणाबद्दल बोलतो आहोत ते बदललं. संशोधन करणाऱ्याने "मध्यक किती?" याआधी "कुणाचा मध्यक?" हे विचारायचं असतं, आणि गूल्डने ते विचारलंही. पण लेख लक्षात राहतो तो शीर्षकामुळे, आणि शीर्षकात गट नाही.

सगळ्यात कच्चा मुद्दा मनोवृत्तीचा. जगण्याची जिद्द असलेले रुग्ण जास्त जगतात असं गूल्ड म्हणतो आणि आधाराला पीटर मेडावर या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाचं आशावादी स्वभावाबद्दलचं मत देतो. लायब्ररीत जाऊन आकडे उकरणारा माणूस इथे एकही आकडा देत नाही. आणि ज्यांची तब्येत बरी असते त्यांनाच आशावादी राहणं जमतं, ही उलटी शक्यता तो खोडून काढत नाही. हा मुद्दा मला खटकतो तो गणितासाठी नाही. ज्या घरातला माणूस सहाव्या महिन्यात गेला त्या घराने हे वाचून काय समजायचं? त्याने पुरेशी जिद्द दाखवली नाही? डावीकडच्या निम्म्या लोकांनी लेख लिहिले नाहीत, लिहायला वेळच मिळाला नाही. आपल्यापर्यंत पोचला तो शेपटीतला आवाज. गूल्डने कुणाला खोटं आश्वासन दिलं असं मी म्हणत नाही. पण आपण जेव्हा हा लेख एखाद्या रुग्णाच्या घरी 'पॉझिटिव्ह' म्हणून फॉरवर्ड करतो, तेव्हा निवडून आलेला एकच आकडा पुढे सरकवत असतो.

गूल्डला देव्हाऱ्यात बसवू नये याला आणखी एक कारण आहे. १९८१ च्या 'द मिसमेझर ऑफ मॅन' या पुस्तकात त्याने एकोणिसाव्या शतकातल्या सॅम्युएल मॉर्टनवर आरोप केला की कवट्यांच्या सरासऱ्या काढताना त्याचा पूर्वग्रह नकळत आकड्यांत शिरला. २०११ मध्ये काही मानववंशशास्त्रज्ञांनी त्यातल्या बऱ्याच कवट्या पुन्हा मोजल्या आणि मॉर्टनची मोजमापं बहुतांशी बरोबर होती, उलट गूल्डचंच विश्लेषण घसरलं, असं म्हटलं. त्यावर इतरांनी गूल्डची बाजूही घेतली आणि वाद चालू राहिला. मॉर्टनचे वर्णविषयक निष्कर्ष त्यामुळे बरोबर ठरत नाहीत. पण कुणाची सरासरी कशी काढली, कोणते गट एकत्र केले, हे दोन्ही बाजूंचं तपासावं लागतं, अगदी आपला आवडता लेखक असला तरी.

लेख आवडला तर पुढे त्याचं १९९६ चं 'फुल हाउस' वाचा. आजारपणाची हीच गोष्ट तिथे पुन्हा येते आणि डावीकडच्या भिंतीचा विचार खूप पुढे जातो. सजीवांची गुंतागुंत उत्क्रांतीत 'वाढत गेली' असं आपण म्हणतो. गूल्ड विचारतो, नक्की काय वाढलं? जीवसृष्टी साधेपणाच्या भिंतीला टेकून सुरू झाली, डावीकडे सरकायला जागाच नव्हती, म्हणून फक्त उजवी शेपूट लांबत गेली. बहुलक आजही जिवाणूंपाशीच आहे. सरासरी थोडी सरकली असेल, पण तिला ओढणारे आपण शेपटीतले मोजके जीव. इथे बहुलक, सरासरी आणि शेपूट असे तिन्ही धागे एकत्र येतात, आणि मासिकातल्या लेखात जे सुटलं ते बरंचसं भरून निघतं.

गूल्ड २० मे २००२ रोजी गेला, दुसऱ्याच एका कॅन्सरने. निदानापासून जवळजवळ वीस वर्षं. माझ्या यादीतल्या अकराव्या रुग्णाला मी २४० महिने का दिले ते आता कळलं असेल. आज हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाला तो आकडा आधीच माहीत असतो. १९८५ मध्ये 'डिस्कव्हर' हातात घेतलेल्या वाचकासमोर तीन वर्षं काढलेला एक सेन्सॉर झालेला रुग्ण होता, ज्याच्या ओळीत 'इतके महिने तरी' एवढंच लिहिता आलं असतं. दुसरं वाचन त्या वाचकाच्या जागी बसून करा आणि काय वाटलं ते खाली लिहा.